साबणाच्या हातांची परीक्षा

रविवारी दुकान बंद असतं, म्हणून थोरल्याने शटर अर्धंच वर केलं आणि सगळे वाकून आत शिरले. आई सर्वांत शेवटी. वाकताना तिने शटरच्या कडेला हात लावला, मग भिंतीला, मग काउंटरला. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारीची माया आहे दुकानावर, हात फिरवतेय. माया कसली? मधोमध काही दिसत नव्हतं तिला.

नजरेच्या कडा शाबूत होत्या आणि मध्ये करडा डाग. धुरकट काचेवर कुणी ओला अंगठा पुसावा तसा. जिकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. बाजूचं सगळं दिसायचं: दाराची चौकट, पायाखालची फरशी, समोरच्या माणसाचे कान, खांदे. चेहरा नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात ती एकदा एकटीच जाऊन आली होती. तिथल्या बाईने विचारलं, "सोबत कोण आहे?" ही म्हणाली, "मुलगा बाहेर बसलाय, बोलावते," आणि जी उठली ती थेट घरी.

कारण साधं होतं. सून उद्यापासून पुन्हा कामावर रुजू होणार होती आणि तिची लहानगी ठकी आजीकडे राहणार होती. दिवसभर. खाणं, झोप, आंघोळ, सगळं आजीच्या हातचं. नवरा गेल्यावर दुकान थोरल्याकडे गेलं, स्वयंपाकघर सुनेकडे. या बाईच्या वाट्याला उरलं ते एवढंच, अजून बोलता न येणारं एक माणूस. डाग कळला की तेही जाणार. म्हणून तिने तोंड शिवून घेतलं होतं. याला कुणी माया म्हणेल. भीती होती ती, निव्वळ भीती. आणि भ्यालेल्या माणसाच्या हातात लेकरू द्यायचं नसतं, हे तिला स्वतःला कळत होतं. कळूनही ती गप्प होती.

घरात तिचं निभत होतं ते नळांमुळे. या घराण्याचा जुना नियम: दुकानातला कोरा माल घरी लावायचा नाही. फळीवर राहून जुना झालेला, गिऱ्हाइकांनी पिळून पिळून ढिला केलेला, कंपनीने बंद केलेला नमुना तेवढा घरी जायचा. त्यामुळे घरात एका जातीचे दोन नळ नव्हते. न्हाणीघरात गरमला चार पाकळ्यांची मूठ, गारला खाचांचा गोल लट्टू. ओट्यावर लांब दांडी, बेसिनवर बदामाच्या आकाराचं काहीतरी. लोक हसायचे. आईचा हात मात्र ते सगळं वाचायचा. आता भिंतीतल्या पाइपांना ओल लागली होती, सगळं उपटून नवं करायचं होतं आणि प्लंबर उद्या सकाळी येणार होता.

"हे बघ आई," थोरला म्हणाला. "एकच सेट घ्यायचा. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बेसिन, सगळीकडे ही एकच दांडी. डावीकडे नेली की गरम, उजवीकडे गार, वर उचलली की पाणी. विषय संपला."

"हात लावू दे."

"लाव की. बघ किती सुबक आहे."

तिने हात फिरवला. पाण्यातून काढलेल्या माशासारखं गुळगुळीत. ना खाच, ना कोपरा. "गरम कुठे नि गार कुठे, कसं कळायचं रे?"

"मध्ये हा लाल-निळा ठिपका आहे ना."

मध्ये. मेलं सगळं मध्येच कसं असतं!

"एवढासा ठिपका कोण बघत बसतंय," आई म्हणाली. "आणि ओल्या हाताला सटकेल हे. गरमचा वेगळा, गारचा वेगळा, दोन नळ बरे."

"दोन नळ आता कोणी लावत नाही गं. घराचं संग्रहालय करायचंय का?"

"दादाचं बरोबर आहे," बारकी म्हणाली. ही थोरल्याच्या पाठची बहीण, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, कालच आलेली. "आपल्याकडे आंघोळीला जायचं म्हणजे पाहुण्याला आधी शिकवणी लावावी लागते. माझा नवरा पहिल्यांदा आला तेव्हा गार पाण्याने न्हाला बिचारा. लाजून बोलला नाही."

"तुझा नवरा तसाही बोलत नाही."

"तू मात्र नको तेवढं बोलतोस. वहिनीला विचार!"

सून हसली. ठकी तिच्या कडेवर होती, तिच्याच ओढणीचं टोक चोखत. "मला आईंचं पटतं," ती म्हणाली. "एका हातात ही, दुसऱ्या हाताला साबण. ही दांडी कोपराने जरा ढकलली गेली की झालं. अहो, तुम्ही कधी घातलीय हिला आंघोळ? नाही ना? मग नळ कुठला ते आम्ही ठरवू."

दोन विरुद्ध दोन. आईच्या जिवात जीव आला. सून आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर अर्धी लढाई जिंकलीच. सुनेला काही माहीत नव्हतं हे तर त्याहून बरं.

"मग बाबा घ्यायचे ती परीक्षा घेऊ," बारकी म्हणाली. "साबणाचे हात, मिटलेले डोळे."

ही दुकानाची रीत होती. मागच्या खोलीत ओळीने चालू नळ बसवलेले, खाली लांबलचक सिंक, वर गीझर. गिऱ्हाईक रंगावर, चकाकीवर भाळलं की बाबा त्याला मागे न्यायचे, हाताला साबण लावायला लावायचे आणि म्हणायचे, "आता डोळे मिटा. तोंडाला फेस लागला की राजाही आंधळाच. तेव्हा जो नळ हाताला सापडेल तो घ्या." या एका खुळापायी कित्येक महागडे नळ विकले गेले नाहीत आणि गिऱ्हाईक मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकलं.

त्यातला आंधळा हा शब्द आईला आता नको होता. पण मागे हटणं म्हणजे सांगणंच होतं. "चला," ती म्हणाली.

थोरल्याने गीझरचं बटण दाबलं.

आधी तो स्वतः. डोळे मिटून त्याने हवेत दोनदा हात मारला, तिसऱ्यांदा दांडी इतकी जोरात उचलली की पाण्याने शर्ट भिजला. ठकी खिदळली. बारकीने टॉवेल अडकवायची दांडी नळ समजून पिळली आणि ती उखडून हातात आली. मग नव्या नळाची दांडी सापडली, ती पार डावीकडे ढकलून म्हणाली, "हे गार ना?" सुनेला चाचपडत का होईना दोन जमले.

मग आई. साबणाचे हात घेऊन ती ओळीने गेली. "हा पाकळ्यांचा. हा त्याच्या जोडीचा, गारचा. याचा वॉशर गेलाय रे, खरखर लागते, बदल. हा ह्यांनीच बसवला होता, थोडा तिरका आहे." एकही चुकला नाही. एकच वगळला, तो दांडीचा.

"कमाल आहे आई तुमची!" सुनेने टाळ्या वाजवल्या.

बारकीने वाजवल्या नाहीत. आईने डोळे मिटलेच नव्हते. उघडे होते, टक्क, आणि वरच्या कोपऱ्यातल्या पंख्याकडे लागलेले.

बारकीला कालच संशय आला होता. स्कूटरवरून पडून तिची हनुवटी फुटली होती, टाके पडले होते. हनुवटीवर ही भली मोठी पट्टी. लहानपणी हिचं नख तुटलं तरी घर डोक्यावर घेणारी आई दारात तिला मिठीत घेऊन म्हणाली, "काय गं, वाळलीस." पट्टीबद्दल एक शब्द नाही. रात्री जेवताना नाही, सकाळी नाही. बारकीने वाट पाहिली. आधी राग आला, मग राग विरला आणि त्याच्या जागी काहीतरी गार सरपटत आलं.

तरी ती बोलली नाही. बोललं की पुढचा प्रश्न ठरलेला: आईजवळ कोण राहणार? वहिनी कामावर, दादा दुकानात. मग सगळ्या माना हिच्याकडे वळणार. हिच्या घरी दोन खोल्या, सासू अंथरुणावर, सासरा दिवसभर रेडिओशी भांडतो. तिथे आई? विचारानेच तिला घाम फुटला. आणि अशी लेक आपण आहोत हे कळून दुसऱ्यांदा.

"दोनच नळ लावू, दादा," ती अचानक म्हणाली. "आईचं ऐक."

"अगं, आत्ता तर माझ्या बाजूने होतीस."

"आता नाही."

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान फिरवली. त्या मान फिरवण्यातून त्याला कळलं की हिलाही कळलंय.

कारण त्याला कधीच कळलं होतं. आईने एका गिऱ्हाइकाला अर्ध्या इंचाच्या जागी पाऊण इंचाचा नळ काढून दिला होता. चहा कपाच्या शेजारी ओतला होता आणि फडक्याने पुसून टाकला होता, घाईघाईने, चोरासारखं. तो सगळं पाहत होता. बायकोला सांगितलं तर ती नोकरी सोडेल, किंवा पोरीला घेऊन माहेरी जाईल. आईला विचारलं तर आई खचेल. म्हणून त्याने आपल्या परीने उपाय काढला: घरभर एकच दांडी. एकच हालचाल, सगळीकडे तीच, आईला पाठ होईल. आणि गीझर कोमट ठेवायचा, कुणाला न सांगता.

नळवाल्यांच्या घरात जन्मलेल्या माणसाला प्रत्येक दुखण्यावर नळच सुचतो. भाऊही तेच करत होता, बहीणही तेच. एक म्हणत होता सगळे सारखे लावा, दुसरी म्हणत होती सगळे वेगळे लावा. आईला दिसत नाही, हे तीन शब्द दोघांच्याही तोंडातून निघत नव्हते.

"नाही," थोरला म्हणाला. "दांडीच लावायची. मी आईच्या सोयीसाठीच म्हणतोय."

"आणि मी कुणाच्या सोयीसाठी म्हणतेय?" बारकीचा आवाज चढला.

"तुझ्या तू बघ."

"अहो, भांडताय काय!" सून मध्ये पडली. "नळ आहे तो, वारसाहक्क नाही. ज्यांना वापरायचा त्यांना ठरवू द्या. आई, उद्या जसं करणार तसंच करून बघा. ही घ्या ठकी. दांडीचा नळ चालवा, पाणी कोमट करा आणि हिचे पाय धुवा. जमलं तर हा, नाही तर दोन."

तिने ठकीला सासूच्या हातात दिलं आणि पुसायला फडकं शोधायला मागच्या फळीकडे वळली.

थोरल्याने नळाकडे पाहिलं. गीझर मघापासून चालू होता. दांडी बारकीने ढकललेली, तशीच डावीकडे.

बारकीनेही ती पाहिली.

आईने ठकीला डाव्या हातावर आडवं धरलं. पोरीचे उघडे पाय सिंकवर लोंबत होते. उजव्या हाताने आईने दांडी चाचपली. मधोमध आहे की कडेला, हे बोटांना कळेना. धरून बघावं असं त्या नळावर काही नव्हतंच. तिने दांडी वर उचलली.

पाणी आलं. गार. पाइपात साचलेलं असतं ना, तेच आधी येतं.

आईने धारेत मनगट धरलं आणि तिथेच ठेवलं. तिचा चेहरा इतका उजळला की बघवेना. "छान आहे की! उगाच घाबरत होते मी. ये गं माझी सोनी, पाय धुऊ."

बोल, थोरला मनात बहिणीला म्हणाला. तू बोल.

दादा बोलेल, बारकीच्या मनात आलं. त्याची पोर आहे. तो बोलेल.

दोघेही एक पाऊल पुढे आले आणि थांबले. ठकी पाय झाडत होती. टाचा धारेच्या वर होत्या, मग धारेच्या जवळ. सिंकच्या तळातून पांढरी वाफ उठली, आणि ती जिला दिसायला हवी होती तिच्या नेमकी समोर उठली.

मग दोघांनी एकदम झडप घातली. थोरल्याने दांडी आपटून बंद केली. बारकीने पोरीला हिसकावून घेतलं. ठकीने क्षणभर श्वास कोंडला आणि मग जो टाहो फोडला तो अर्ध्या शटरखालून रस्त्यापर्यंत गेला.

सून धावत आली. पोरीचे पाय उलटसुलट करून पाहिले, बोटं पाहिली, टाचा. काही झालं नव्हतं. आईचं मनगट मात्र लाल होऊन चमकत होतं. ते तिने पाठीमागे लपवलं.

"काय झालं?"

"काही नाही, पाणी जरा गरम आलं," थोरला म्हणाला. "दांडी डावीकडे राहिली होती. होतं असं."

सुनेने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. औषधाच्या कारखान्यात दिव्यासमोर बाटल्या धरून त्यात कण शोधायचं तिचं काम. पट्ट्यावरून शेकडो बाटल्या जातात आणि एकीत केसाएवढं काही तरंगत असतं. ते पकडायची सवय लागलेली बाई.

"मी फडकं घेऊन वळले तेव्हा वाफ नव्हती," ती सावकाश म्हणाली. "धार गार होती, आई खुश होत्या. आणि तुम्ही दोघं तेव्हाच पुढे सरकला होतात. दोघंही. का?"

गीझर आतल्या आत करकरत होता.

"ताई, का?"

बारकीने ठकी तिच्या हातात दिली.

"अहो, मी विचारतेय."

"आईला," थोरला म्हणाला आणि थांबला. "आईला हल्ली जरा कमी दिसतं."

"जरा?" सून सासूकडे वळली. ठकीला तिने दोन्ही हातांनी सासूसमोर धरलं, अगदी तोंडासमोर. "आई, हिचा चेहरा दिसतो?"

आई डोळे एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला नेऊ लागली, दाराच्या फटीतून बघावं तसं. "कान दिसतात," ती म्हणाली. "जावळ दिसतं. रडतेय ते कळतं."

"चेहरा?"

"नाही गं."

"कधीपासून?"

"बसायला लागली तेव्हा दिसत होता थोडा." आईचा आवाज बारीक झाला. "खालचे दात आले ते बोटाला लागले माझ्या. दिसले नाहीत. तू विचारलंस, किती गोड दिसतात ना? मी हो म्हटलं."

सुनेने पोरीला खांद्यावर घेतलं. नवऱ्याला घरच्यांसमोर कधी अरे-तुरे न करणारी ती बाई आता म्हणाली, "तुला माहीत होतं."

"मी गीझर कमी ठेवणार होतो. प्लंबरला सांगून..."

"गीझर! आईचे डोळे चाललेत आणि तू नळ बदलतोयस? डॉक्टरकडे नेलंस एकदा तरी? उद्या मी गेले असते. डबा घेऊन, साडी नेसून, आनंदात गेले असते रे मी! आणि या दोघी बंद दाराआड. तू दुकानात बसून काय करणार होतास? फोन वाजायची वाट बघणार होतास?"

उत्तर हो असंच होतं, आणि थोरल्याला ते ठाऊक होतं.

"वहिनी, ओरडू नकोस, आई उभी आहे," बारकी म्हणाली.

"तुम्ही बोलूच नका ताई. तुम्ही गप्प राहिलात ते आईंसाठी का?"

बारकीला खोटं बोलता आलं असतं. हनुवटीचे टाके ठणकत होते. "नाही," ती म्हणाली. "कळलं तर माझ्याकडे पाठवाल म्हणून. घाबरले मी."

आईने ते ऐकलं. डोळे गेले तरी कान तिखट होते. तिने सिंकची कड धरली.

"मला कुणाकडे जायचं नाही," ती म्हणाली. "कुणी घाबरू नका. माझी काही अडचण होणार नाही. फक्त ठकीला... मी आधी माझा हात धरते पाण्याखाली. नेहमी. आत्ताही धरला होता. बघ तिला, एकदा तरी भाजलंय का? माझंच भाजतं." आणि मागे लपवलेलं मनगट तिने पुढे केलं, पुरावा म्हणून. मनगटावर, कोपरापर्यंत, जुने बरे झालेले चट्टे होते. तव्याचे म्हणून सांगितलेले.

सुनेने ते पाहिले. एकेक पाहिला. तिचा राग कुठे गेला नाही, पण त्याला आता बसायला जागा उरली नाही.

"आई, आंघोळ तुम्ही घालायची नाही," ती म्हणाली. "ठकीबरोबर एकटं राहायचं नाही. उद्या सकाळी दवाखान्यात जायचं, मी येते. कामावर मी परवा जाईन आणि ठकीला हा दुकानात ठेवेल. नळ विकत विकत सांभाळेल. आंघोळही तोच घालेल."

"मी?" थोरल्याचा चेहरा पडला. "मला येत नाही."

"शिक. भीती वाटते का? वाटू दे. मलाही वाटतेय."

"आणि प्लंबरला काय सांगू? कुठले नळ?"

एवढं सगळं होऊन याचं गाडं नळावरच अडलेलं. बारकीने येणारं हसू आवरलं.

"दोन वेगळे," सून म्हणाली. "गरमचा पाकळ्यांचा, गारचा गोल. आईंना स्वतःची आंघोळ करायचीय ना. हाताला धरायला कठडा लाव. आणि गीझर कमीच ठेव, पण सगळ्यांना सांगून."

आईने मान हलवली. तिच्या मनासारखे नळ मिळाले होते. सकाळी ती ज्यासाठी आली होती ते सगळं मिळालं होतं, आणि ज्याच्यासाठी मागितलं होतं ते गेलं होतं. तिने पदराने हात कोरडे केले, पुन्हा केले.

"रडायची थांबली का गं ती?" तिने विचारलं.

"थांबली."

थांबली होती खरी. सुनेच्या खांद्यावरून वळून ठकीने आजीला पाहिलं. गालांवर पाणी तसंच होतं. तिने आवाज न करता दोन्ही हात आजीकडे पसरले, घे म्हणून, बोटांची उघडझाप करत. आजी हातभर अंतरावर उभी होती. सरळ तिकडेच बघत होती.

थोरल्याने पाहिलं. बारकीने पाहिलं. सुनेचं तोंड उघडलं. सासूच्या चेहऱ्याकडे, मग त्या लाल मनगटाकडे तिची नजर गेली. तिने तोंड मिटलं, ठकीचे हात हळूच खाली केले आणि तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"चला," ती म्हणाली. "उशीर झाला."

"हो, चला," आई म्हणाली आणि पोर मघाशी जिथे होती तिथे बघून हसली.